घरासाठी टीव्ही : आधी खोली मोजा, मग दुकान गाठा



उसाचे बिल बँकेत जमा झाले, की आमच्या कराड भागात घरोघरी तीन विषय निघतात. जुनी देणी कोणती भागवायची, पोरांच्या फीचे काय करायचे आणि उरलेच काही, तर घरात नवे काय आणायचे. परवा आमच्या तात्यांच्या घरी हा तिसरा विषय निघाला. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांचा मला फोन आला.

"काय रं, टीव्ही घ्यायचा म्हणतोय. दुकानवाला म्हणतो, त्रेचाळीस इंची फोर-के घ्या, हप्ता बांधून देतो. घिऊ का?"

मी विचारले, "तात्या, तुमच्या कॉटपासून समोरची भिंत किती फूट आहे?"

"आता ह्यात भिंतीचं काय काढलंस?"

आज जे काही सांगायचे आहे, ते सारे ह्या भिंतीपाशीच आहे. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस; विजेच्या यंत्रांचा तज्ज्ञ नव्हे. पण कमी पैशात जास्त उपयोग कसा साधावा, हा विचार माझ्या विषयातलाच आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट इंचांची. बत्तीस इंची टीव्ही म्हणजे बत्तीस इंच रुंद टीव्ही, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. हे माप पडद्याच्या कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. आजच्या पडद्याची रुंदी आणि उंची १६ ला ९ ह्या प्रमाणात असते. त्यामुळे ३२ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच भरतो. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. शिक्षक बंधुभगिनींनी सातवी-आठवीच्या मुलांना पायथागोरसचे प्रमेय शिकवताना हे उदाहरण जरूर घालावे. मुले घरी जाऊन पट्टी लावून पाहतील.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. टीव्हीवरचे चित्र म्हणजे एक प्रकारची रांगोळीच. ठिपके जितके जवळ जवळ, तितकी रांगोळी रेखीव. साध्या प्रक्षेपणाच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके असतात. खोक्यावर "एचडी रेडी" लिहिलेल्या लहान टीव्हीत बहुधा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. "फुल एचडी"त १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. आणि तात्यांना ज्याची भूल पडली होती, त्या "फोर-के"त ८३ लाखांच्या जवळपास.

आता कोणीही म्हणेल, की जास्त ठिपक्यांचाच घ्यावा. इथेच भिंत आडवी येते. अहो, ठिपके कितीही असोत, ते पाहायचे आहेत आपल्या डोळ्यांनी. निरोगी डोळ्यालाही काही अंतरापुढे शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ते एकच वाटतात. अंगणातली रांगोळी माडीवरून पाहिली, तर ठिपके दिसतात का? नाही. फक्त आकृती दिसते.

ह्याचा हिशेब करता येतो. बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हीतला एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चांगल्या नजरेच्या माणसाला तो साधारण सहा फुटांच्या आत वेगळा ओळखता येतो, त्यापलीकडे नाही. त्याच मापाच्या फुल एचडीतला ठिपका सव्वाचार फुटांपलीकडे ओळखता येत नाही. म्हणजे तुम्ही सात-आठ फुटांवर बसणार असाल, तर बत्तीस इंचांत ह्या दोहोंतला फरक डोळ्याला कळणारच नाही. खिशाला मात्र कळेल. तात्यांनी टेप लावला. कॉटपासून भिंत साडेसात फूट भरली.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. टीव्ही हा पाट आहे; पाणी वरून यायचे असते. वरून येणारे चित्रच चार लाख ठिपक्यांचे असेल, तर ८३ लाखांचा पडदा घेऊन काय होणार? तेच चित्र ताणून मोठे दिसेल आणि त्याच्या कडा पुसट होतील. दूरदर्शनची "फ्री डिश" सेवा २००४ सालच्या डिसेंबरात दुसऱ्या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि डबा ह्यांचा एकदाच खर्च. आपल्याकडे पुष्कळ घरांत तीच आहे. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या स्पष्टतेच्या आहेत. दुकानात मात्र मोठ्या टीव्हीवर मुद्दाम तयार केलेले चित्र लावून ठेवलेले असते. फुलपाखरे, पोपट, समुद्र! तेव्हा दुकानदाराला नम्रपणे म्हणावे, "भाऊ, पोपट राहू द्या, साधी मराठी बातम्यांची वाहिनी लावा." खालून सरकणारी अक्षरे नीट वाचता आली, तर टीव्ही चांगला.

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. कराडहून तो आग्नेय दिशेला, आकाशात सुमारे साठ अंश वर येतो. म्हणून छत्रीच्या आग्नेयेला उंच आंबा किंवा शेजारची माडी येत नाही ना, एवढे पाहून जागा ठरवावी. पूर्वी घराच्या कौलांवर काड्यांचा अँटेना लावून कोणीतरी वर चढायचे आणि "दिसतंय का?" असे ओरडायचे. १९८७ साली "रामायण" मालिका सुरू झाली, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. गल्लीत एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा. ते शटर सरकले, की सगळी गल्ली गप्प. जमिनीवरून होणारे ते जुने प्रक्षेपण आता बहुतेक सर्व ठिकाणी बंद झाले आहे. तेव्हा जुना अँटेना नव्या टीव्हीला जोडू, हा विचार सोडावा.

चौथी गोष्ट "स्मार्ट" ह्या शब्दाची. इंटरनेटला जोडला जाणारा तो स्मार्ट टीव्ही. घरात वायफायची जोडणी असेल, तर उपयोगी. पण मोबाइलच्या डेट्यावर चालवायचा असेल, तर एचडी चित्राला तासाला एक-दोन जीबी सहज लागतात. शिवाय टीव्हीचा पडदा आठ-दहा वर्षे टिकतो, पण त्याच्या आतली स्मार्ट व्यवस्था त्याआधीच जुनी होऊन रडू लागते. त्यापेक्षा साधा, चांगल्या पडद्याचा टीव्ही घ्यावा आणि त्याला एचडीएमआयची निदान दोन भोके आहेत, हे पाहावे. पुढे गरज पडली, तर त्यात लहानशी कांडी खोचून तोच टीव्ही स्मार्ट करता येतो.

दुकानात गेल्यावर एवढे करावे. समोर उभे राहून चित्र पाहिलेत, आता डावी-उजवीकडे चार पावले सरकून पाहा. घरात सगळेच काही समोर बसत नाहीत. कोणी चुलीपाशी असते, कोणी उंबऱ्यावर. बाजूने रंग फिके पडत असतील, तर दुसरा दाखवायला सांगा. मग आवाज ऐका. पातळ टीव्हीचे कर्णे लहान असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू येते का, ते पाहा. खोक्यावर भारतीय मानक संस्थेचा नोंदणी क्रमांक आहे का, विजेच्या बचतीचे तारे किती, हे बघा. बिघाड झाला, तर माणूस कराडातून येणार की कोल्हापूर-पुण्याहून, हे स्पष्ट विचारा. पक्के बिल घ्या आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का तिथेच घालून घ्या. पुढे कोणी दाद दिली नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ ह्या क्रमांकावर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही.

आणि टीव्ही घरी नेताना खोके उभेच धरा. मी स्वतः एकदा मोटारसायकलवर मागच्या माणसाच्या मांडीवर आडवे टाकून नेले होते. घरी उघडले, तर पडद्याला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर. फुटलेल्या पडद्याला हमी नसते, हे मी रोख पैसे मोजून शिकलो.

आता हप्त्याचे. "बिनव्याजी हप्ता" हा शब्द गोड आहे. पण आधी रोखीचा शेवटचा भाव विचारा, मग हप्त्याचा. समजा, एक टीव्ही रोखीने साडेबावीस हजारांना मिळतो. हप्त्याने दोन हजारांचे बारा हप्ते आणि वर आठशे रुपये कागदपत्रांचे. म्हणजे एकूण चोवीस हजार आठशे. हे वरचे तेवीसशे रुपये म्हणजे व्याजच की! आणि मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, हे ध्यानात घेतले, तर त्याचा दर शेकडा वीसच्या घरात जातो. पीककर्ज ज्या दराने मिळते, तो आपल्याला ठाऊकच आहे. दुसरे असे, की ३२ इंचांपर्यंत कर कमी आणि त्यावर जास्त, असा भेद पूर्वी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व टीव्हींवर सारखाच १८ टक्के कर आहे. तेव्हा त्या भेदावर जुना हिशेब करू नये, आणि कर उतरला म्हणून मोठा घेण्याचा मोहही धरू नये.

विजेचे म्हणाल, तर बत्तीस इंची एलईडी टीव्ही साधारण चाळीस वॅटचा धरा. रोज चार तास चालला, तर महिन्याला पाच युनिट. टीव्हीच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर महागड्या स्टॅबिलायझरची सहसा गरज पडत नाही. पण वळवाच्या पावसात आभाळ कडाडू लागले, की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि छत्रीची वायरही काढा. वीज त्या वायरीवाटेही आत येते.

शिक्षकांसाठी दोन शब्द. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "टिलीमिली" कार्यक्रम लागत असे. त्याच वर्षी पीएम ई-विद्येच्या बारा वाहिन्या सुरू झाल्या. पुढे त्यांची संख्या दोनशे झाली, आणि त्या फ्री डिशवर विनामूल्य दिसतात. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर शेतावर, त्या घरातल्या मुलीला लहानसा टीव्ही म्हणजे दुसरी शाळाच आहे. पण वीस फुटी वर्गात बत्तीस इंची टीव्ही टांगून सगळा वर्ग बसवू नका. आधी स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा. मात्रा-वेलांट्या वाचता आल्या नाहीत, तर मुलांचे दोन गट करा आणि एकेक गट जवळ बसवा.

तात्यांनी शेवटी बत्तीस इंची साधा टीव्ही घेतला. हप्ता नाही, रोख. पण आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. "समदं ब्येस हाय, पर आईला कायबी दिसंना."

माझा हिशेब निरोगी डोळ्यांचा होता; आजीची नजर मी धरलीच नव्हती. मला वाईट वाटले. संध्याकाळी गेलो. आजी भिंतीकडच्या कॉटवर, साडेसात फुटांवर बसलेली. तिची खुर्ची उचलून पावणेचार फुटांवर ठेवली. अंतर निम्मे झाले, की तोच पडदा डोळ्याला दुप्पट मोठा दिसतो. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईच्या लुगड्याला काठ हाय व्हय! मला वाटलं, कोरंच हाय."

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभी केली होती. रेडिओचा संच गावात एक, ऐकणारे पंधरा-वीस, आणि ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा. संच लहानच होता. माणसे त्याच्या जवळ येऊन बसत होती. तात्यांच्या घरीही आता तसेच झाले आहे. आजीच्या खुर्चीशेजारी, तिला वाचून दाखवायला म्हणून, दहावीतली नात पाटावर बसते. हप्त्याचे जे दोन हजार दर महिन्याला जायचे होते, त्यातून आधी आजीचे डोळे तपासून घ्यायचे, असे तात्यांनी ठरवले आहे.

तेव्हा मंडळी, बिल जमा झाले, की दुकानात जाण्याआधी घरातला टेप काढा. भिंत मोजा. आणि घरात कोणाची नजर अधू आहे, तेही विसरू नका.