दर किलोला आणि दर किलोमीटरला

"परवडते का हो तुमची ती विजेची गाडी?"

गेल्या चार वर्षांत आपल्या मंडळाच्या एकाही मासिक सभेतून या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय मी घरी परतले नाही. कधी चहाच्या टेबलाशी, कधी व्याख्यान चालू असताना कुजबुजत, तर एकदा चक्क शस्त्रक्रियागृहात हात धुताना मला हा प्रश्न विचारला गेला. दर वेळी तुकड्यातुकड्यांनी दिलेले उत्तर एकदा सलग लिहून काढावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्हा बालरोगतज्ज्ञांचा सारा हिशेब 'दर किलोला इतके मिलिग्रॅम' असा. बाळाचे वजन ठाऊक नसताना मात्रा सांगणे हा आमच्याकडे अपराध मानला जातो. गाडीचे गणितही मला तसेच वाटते. आपण वर्षाला किती किलोमीटर फिरतो, हे ठाऊक नसताना 'विजेची गाडी स्वस्त' किंवा 'महाग' म्हणणे म्हणजे वजन न करता औषध लिहून देणे होय.

माझे वजन, म्हणजे माझी धाव, आधी सांगते. रामबागेतील घर, दवाखाना, दोन-तीन प्रसूतिगृहे आणि संध्याकाळचे एखादे कार्य मिळून इंदूर शहरात माझे रोज सरासरी ३५ किलोमीटर होतात. वर्षाकाठी सुमारे १२,०००. माझी जुनी पेट्रोल गाडी शहरातील गर्दीत लिटरला १३ किलोमीटर चाले. पेट्रोल १०६ रुपये लिटर धरले, तर किलोमीटरला आठ रुपये पंधरा पैसे आणि वर्षाला सुमारे ९८ हजार रुपये होतात.

२०२१ साली घेतलेल्या विजेच्या गाडीची बॅटरी ३० युनिटांची आहे. भारण करताना काही वीज वायाही जाते. ती धरून १०० किलोमीटरला मीटरवर १५ युनिटे पडतात. घरच्या बिलात सर्व आकार मिळून युनिट सुमारे आठ रुपयांना पडते. म्हणजे किलोमीटरला एक रुपया वीस पैसे, वर्षाला १४,४०० रुपये. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यांची ददात नसल्याने देखभालीत वर्षाला पाचेक हजार वाचतात. उलट गाडीची किंमत अधिक म्हणून विम्याचा हप्ता आठ हजारांनी जास्त जातो. सारी वजाबाकी करून वर्षाला ८० हजारांच्या आसपास रक्कम हाती राहते.

येथपर्यंत ऐकून बहुतेक जण समाधानाने मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. खरे गणित येथून पुढे सुरू होते.

त्याच प्रकारच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी मला साडेचार लाखांनी महाग पडली. नुसता भागाकार केला तर साडेपाच-पावणेसहा वर्षांत भरपाई होते. पण तीच रक्कम सात टक्क्यांनी ठेवीत ठेवली असती, हे धरले की तो काळ साडेसात वर्षांच्या घरात जातो. आणि बॅटरीची हमी आहे आठ वर्षांची! म्हणजे गाडी माझे पैसे फेडून मोकळी होते न होते, तोच तिच्या सर्वांत महागड्या अवयवाची हमी संपते. चार वर्षांपूर्वी पूर्ण भारलेली गाडी शहरात २२० किलोमीटर चाले, आता २०० चालते; एप्रिल-मेच्या उन्हात वातानुकूलन लावले की त्याहूनही कमी. ही घट चिंताजनक नाही, पण ती आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही निवृत्तीनंतर आठवड्यातून तीनदाच दवाखान्यात जातात. त्यांची धाव वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर. हाच हिशेब मांडला तेव्हा त्यांची वार्षिक बचत २५ हजारांच्या आत आली, आणि साडेचार लाखांचे व्याजच ३१,५०० रुपये! मी त्यांना स्पष्ट सांगितले, "सर, आपली जुनी गाडीच आपल्याला बरी." ते हसून म्हणाले, "पहिल्यांदाच कुणीतरी मला औषध नको म्हणून सांगितले."

सवलतींचे चित्रही बदलले आहे. विजेच्या गाड्यांवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने दोन्हींतील अंतर घटले. कर्जाच्या व्याजावर मिळणारी दीड लाखापर्यंतची आयकर वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. मला ती मिळाली, आज घेणाऱ्याला मिळणार नाही. तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत. रीत घ्यावी, आकडे आपापले घालावेत.

पैशांचे झाले, आता व्यवहाराचे. गाडी घरी आली त्या रात्री मोठ्या उत्साहाने पंधरा अँपिअरच्या सॉकेटला जोडली, तर भारण सुरूच होईना. लाल दिवा लुकलुकू लागला. दुसऱ्या दिवशी वायरमनने निदान केले: जुन्या घराला अर्थिंगच नीट नव्हते. पन्नास वर्षे मिक्सर, फ्रीज, पंखे ज्या दोषासह निमूटपणे चालले, तो या गाडीने पहिल्याच रात्री उघडकीस आणला. तेव्हा गाडी निवडण्याआधी वायरमनला घरी बोलवावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी तर वाहनतळाच्या जागेपर्यंत आपल्याच मीटरवरून तार नेता येईल का, हे सोसायटीला आधी विचारावे. घरी भारणाची सोय नसेल, तर सार्वजनिक केंद्रावर युनिटला २० रुपयांच्या आसपास मोजावे लागतात आणि वरचे सारे गणित ढासळते.

लांबच्या प्रवासाचा अनुभव पुण्याच्या लग्नाला जाताना आला. मानपूरचा घाट उतरताना गाडी स्वतःच थोडी वीज परत साठवते, त्यामुळे नर्मदेपर्यंत मन प्रसन्न होते. सेंधव्याच्या पुढे ज्या केंद्राचा भरवसा धरला होता, ते बंद निघाले. पुढच्या केंद्रावर आमच्या आधी दोन गाड्या उभ्या होत्या. एरवी अकरा तासांचा प्रवास पंधरा तासांचा झाला, आणि यजमानांनी सीमांतपूजन हुकल्याचे श्रेय उदारपणे मला दिले. परतताना तोच घाट चढायचा होता. जाताना मिळालेली वीज त्याने सव्याज वसूल केली. तेव्हापासून महाराष्ट्रात जायचे तर आम्ही रेल्वेनेच जातो.

पण ज्या रात्रीने मला खरा धडा दिला, ती वेगळीच. २०२३ च्या जूनमध्ये एका वादळी रात्री वीज गेली. गाडी भारणाला जोडलेली होती, म्हणून मी निश्चिंत झोपले. दोन वाजता फोन आला: तातडीचे सिझेरियन, गर्भजलात मळ, बाळाचे ठोके मंदावलेले. अंगणात येऊन पाहते तो गाडीत नऊ टक्के भार. प्रसूतिगृह अकरा किलोमीटरवर. आकडा सांगत होता की पोहोचेन. पण रस्त्यांत पाणी साचलेले, झाडे पडलेली, वळसा पडला तर काय? जन्मानंतरचे पहिले मिनिट किती मोलाचे असते, हे आपणा डॉक्टरांना सांगायला नको. मी शेजारच्या काकांचे दार ठोठावले. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ पायजम्यावरच किल्ली घेऊन बाहेर आले. "तुम्ही मागे बसा डॉक्टर, फोनवर काय सांगायचे ते सांगत राहा. गाडी मी चालवतो."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाळ बाहेर येत होते. निपचित होते. मुखवटा लावून श्वास द्यावा लागला. दुसऱ्या मिनिटाला ते रडले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या काकांनी ते रडणे ऐकले आणि डोळे पुसले. परतताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

दोष गाडीचा नव्हता. प्राणवायूचा भरलेला राखीव सिलिंडर असल्याशिवाय मी नवजात कक्षात पाऊल ठेवत नाही. मग गाडी नऊ टक्क्यांवर येईपर्यंत मी स्वस्थ कशी राहिले? त्या रात्रीपासून नियम केला: संध्याकाळी घरी येताना भार ४० टक्क्यांच्या खाली नको. आणि घरातील जुनी पेट्रोल गाडी विकण्याचा जो विचार कुणाही 'ऑन कॉल' डॉक्टरच्या मनात येईल, तो दोनदा करावा. मी ती घाईने विकून टाकली होती.

राहिला धुराचा प्रश्न. हिवाळ्यात वाफारा घेण्यासाठी दवाखान्यात रांगेने बसलेली मुले पाहिली की माझ्या गाडीला नळीच नाही याचे समाधान वाटते. पण आपली बरीचशी वीज कोळशाची. इंदूरच्या मुलांचा वाचलेला धूर सिंगरौलीच्या मुलांच्या वाट्याला गेला, तर एका बालरोगतज्ज्ञाने त्यात धन्यता कशी मानावी? म्हणून २०२४ साली सरकारी अनुदान घेऊन छतावर तीन किलोवॅटची सौर पटले बसवली. चांगल्या उन्हात रोज बारा युनिटे मिळतात. गाडीला पाच-सव्वापाच पुरतात. कोळशाचे ओझे पूर्ण उतरले नाही, हलके मात्र झाले.

तेव्हा परवडते का? रोज तीस-चाळीस किलोमीटरची धाव, घरी स्वतःचे भारण आणि अडीनडीला दुसरी गाडी, या तिन्ही गोष्टी असतील तर होय. एखादी कमी असेल तर हिशेब पुन्हा मांडावा. आणि दुसरी गाडी नसेल, तर निदान शेजार तरी तसा असावा. आजही वादळाची चिन्हे दिसली की काका फाटकाशी येऊन विचारतात, "किती टक्के?"