यादी खालून वाचा
त्वचेशी ओळख : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण त्वचेच्या सर्वांत वरच्या थराबद्दल बोललो. तो कोरडा पडला की लोशन लावावं, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. पण लोशननंच खाज सुटली तर? थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो आणि त्याच्या जोडीला एक वाक्यही येतं : ‘हेच लोशन मी कित्येक वर्षं वापरतेय, मग त्याची अ‍ॅलर्जी कशी असेल?’

असू शकते. अ‍ॅलर्जी व्हायची तर शरीराची त्या पदार्थाशी आधी गाठ पडलेली असावी लागते. त्वचेतून आत शिरलेला एखादा रेणू आपल्या प्रतिकारयंत्रणेला शत्रू वाटला, की टी-पेशी त्याची ओळख लक्षात ठेवतात. हे कधी दहा-पंधरा दिवसांत घडतं, कधी वर्षानुवर्षांच्या वापरानंतर. मग पुढच्या खेपेला तोच रेणू आला की त्या पेशी जमा होतात आणि पुरळ उठतं. तेही लगेच नाही, साधारण एक ते तीन दिवसांनी. रविवारी लोशन लावलं, मंगळवारी हात खाजायला लागले. मधल्या काळात जेवणात वांगं किंवा अंडं झालेलं असतं, आणि खापर त्याच्यावर फुटतं.

लावताक्षणी चुरचुरलं तर मात्र गोष्ट बहुधा वेगळी असते. युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड असलेलं लोशन भेगाळलेल्या टाचेवर किंवा नुकतंच वॅक्सिंग केलेल्या पायावर झोंबतं आणि थोड्या वेळानं शांत होतं. ती अ‍ॅलर्जी नव्हे. पण रोजच चुरचुरत असेल, तर ते लोशन त्वचेचा वरचा थरच दुखावत असण्याची शक्यता आहे. याचं मोठं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे ‘अ‍ॅक्वियस क्रीम’ नावाचं साधं, स्वस्त क्रीम एक्झिमाच्या रुग्णांना, लहान मुलांनाही, वर्षानुवर्षं दिलं जाई. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा, साबणासारखा घटक होता. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे क्रीम त्वचेवर राहू दिलं तर वरचा थर पातळ होतो आणि ओलावा जास्त वेगानं उडून जातो. २०१३मध्ये तिथल्या औषध नियामकानं त्यावर इशारा छापायला लावला. कोरडेपणावर म्हणून लावलेलं क्रीमच कोरडेपणा वाढवत होतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुस्तकांत आणि इंटरनेटवर पुरळाचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, त्यामुळे आपण लाली शोधत बसतो. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. दिसतो तो तपकिरी किंवा करडा चट्टा, हाताला लागणारा खरखरीतपणा आणि बारीक पुटकुळ्या. खाज थांबली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून रंगापेक्षा खाजेकडे आणि बोटांना काय जाणवतं याकडे लक्ष द्यावं.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. लोशनमध्ये सर्वांत जास्त पाणी असतं. पाणी आलं की जिवाणू आणि बुरशी आली, आणि त्यांना रोखायला प्रिझर्व्हेटिव्ह आलं. ते टाळता येत नाही. बिघडलेलं लोशन अधिक धोक्याचं. प्रश्न कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह वापरायचं एवढाच असतो, आणि याच प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत फार मोठी चूक होऊन गेली.

पॅराबेन ही जुनी, अनेक दशकं वापरात असलेली प्रिझर्व्हेटिव्हज. २००४मध्ये एका ब्रिटिश अभ्यासात स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेनचे अंश आढळले. त्यांच्यामुळे कर्करोग होतो असं त्या अभ्यासानं सिद्ध केलं नव्हतं, पण लोकांच्या मनात भीती बसली आणि कंपन्या पर्याय शोधू लागल्या. २००५मध्ये युरोपात मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह सौंदर्यप्रसाधनांत एकटं वापरायला परवानगी मिळाली. ते लोशनमध्ये आलं, बाळांच्या ओल्या वाइप्समध्ये आलं, आणि काही वर्षांतच युरोपभरच्या त्वचारोग विभागांत त्याची अ‍ॅलर्जी झालेल्यांची रीघ लागली. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २०१३चा ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ म्हणून त्याचंच नाव जाहीर केलं. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याचा वापर युरोपीय संघानं २०१७मध्ये बंद केला. आणि ज्याला घाबरून ही सगळी धावाधाव झाली, त्या पॅराबेनला त्याच सोसायटीनं २०१९मध्ये ‘नॉन-अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं, कारण त्याची अ‍ॅलर्जी फारच कमी लोकांना होते. म्हणून बाटलीवर ठळक अक्षरांत ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. त्याच्या जागी काय घातलंय ते आधी पाहा.

दुसरा मोठा दोषी म्हणजे सुगंध. लेबलवर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ एवढा एकच शब्द असतो, पण त्यामागे डझनावारी रसायनं असू शकतात. सुगंध नैसर्गिक असला म्हणून सुटका होत नाही. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हवेच्या संपर्कात आलं की त्यांचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात. खिडकीत ठेवलेली, अर्धी संपलेली, मागच्या वर्षीची बाटली म्हणूनच नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. ‘हर्बल’ आणि ‘आयुर्वेदिक’ या शिक्क्यांनाही हे लागू आहे.

‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या दाव्यावर लोक फार विसंबतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण विसंबणारे बहुधा आधीच त्रासलेले असतात. हा शब्द छापायचा तर चाचण्यांचा पुरावा हवा, असा नियम अमेरिकेच्या एफडीएनं १९७५मध्ये केला. दोन प्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या शब्दाची कायदेशीर व्याख्याच नाही.

मग पाहायचं कुठे? मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत. आपल्याकडच्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं द्यावे लागतात; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमानं लिहिता येतात. प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध बहुधा या शेपटातच असतात. सुरुवातीला पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड अशी निरुपद्रवी मंडळी असतात; ती वाचून कंटाळा येतो आणि आपण यादी सोडून देतो. म्हणून यादी खालून वाचा. दुकानात अक्षरं लागत नाहीत. मोबाइलनं फोटो काढून मोठा करा.

एखादं लोशन चालेलसं वाटलं तरी एकदम अंगभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर, रोज सकाळ-संध्याकाळ त्याच ठिकाणी लावा. निदान सात दिवस, जमलं तर दोन आठवडे. अ‍ॅलर्जी उशिरा दिसते, त्यामुळे दुकानात मनगटावर एक थेंब लावून काहीच कळत नाही. खाज, पुटकुळ्या किंवा खरखर आली तर तिथेच थांबा. एका वेळी एकच लोशन तपासा. साबण, शाम्पू यांच्यासाठी ही पद्धत वापरू नका. धुऊन टाकायच्या वस्तू त्वचेवर ठेवल्या तर कुणालाही चुरचुरेल.

पुरळ आधीच उठलं असेल, तर सगळं बंद करून काही आठवडे बिनवासाची पेट्रोलियम जेली वापरावी. तिच्यात पाणी नसतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही लागत नाही. मुंबईच्या दमटपणात ती चिकट होते हे खरं; रात्री नडग्यांना आणि पावलांना लावली तरी बरंच काम होतं. खोबरेल तेल पुष्कळांना मानवतं. ऑलिव्ह तेल मात्र नको. ते त्वचेचा वरचा थर कमकुवत करतं असं आढळलं आहे.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. योझेफ यादासोन या डॉक्टरांनी १८९५मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. संशयित पदार्थ छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर पट्ट्यांनी चिकटवतात आणि कडेनं पेननं खुणा करतात. दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नसतं, घामही नको, म्हणून ऐन मे महिन्यात ही चाचणी टाळलेली बरी. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ पाहतात. दुसऱ्यांदा जाणं चुकवू नये, कारण काही प्रतिक्रिया तेव्हाच दिसतात. जाताना घरातल्या बाटल्या सोबत न्या, रिकाम्या झालेल्याही. आणि कुणी याऐवजी रक्ताची महागडी अ‍ॅलर्जी तपासणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या. ती आयजीई प्रतिपिंडं मोजते. लोशनच्या या अ‍ॅलर्जीत काम टी-पेशींचं असतं, ते त्या अहवालात दिसत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली आहे : पुरळ दिसताच मेडिकलमधून आणली जाणारी स्टेरॉइडची ट्यूब. तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन. तोपर्यंत, घरात असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नका.