खांद्याचा धक्का आणि हरणाची रायफल

हरणासाठी रायफल निवडणारा शिकारी सहसा आधी गोळीच्या ताकदीचा विचार करतो आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा नंतर. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. कारण हरीण हे जाड कातडीचे किंवा अंगावर धावून येणारे जनावर नव्हे, मध्यम ताकदीची गोळी छातीत नेमकी बसली तर ते पडते आणि जबर ताकदीची गोळी पोटात लागली तर जखमी होऊन मैलभर पळते, आणि गोळी छातीत बसणार की पोटात हे बऱ्याच अंशी नेमबाज धक्क्याला भितो की नाही यावर ठरते.

धक्क्याचे गणित साधे आहे. काडतुसातील दारू पेटली की गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात आणि त्या दोहोंच्या एकत्रित संवेगाइतकाच, म्हणजे वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराइतकाच, संवेग घेऊन रायफल मागे येते. २४३ विंचेस्टर या १९५५ साली बाजारात आलेल्या काडतुसाची साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते आणि ३.४ किलोच्या रायफलीतून ती झाडल्यास खांद्यावर येणारी ऊर्जा साधारण १२ ज्यूल भरते. त्याच वजनाच्या रायफलीतून ‘थर्टी-ओ-सिक्स’ काडतुसाची पावणेबारा ग्रॅमची गोळी झाडली की ही ऊर्जा २८ ज्यूलच्या आसपास जाते. या दोहोंच्या मध्ये ७ मिलिमीटर व्यासाचे जर्मन माउझर काडतूस बसते. लंडनच्या रिग्बी या पेढीने तेच ‘२७५ रिग्बी’ या नावाने विकले आणि चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल त्याच काडतुसाची होती. पुढे १९२६ साली रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला मारतानाही त्यांच्या हाती हीच रायफल होती. बिबट्याला पुरलेले काडतूस हरणाला पुरणार नाही, असे म्हणणे कठीण आहे.

किमान ताकद किती असावी, याचे एक उत्तर इंग्लंडच्या कायद्यात सापडते. तेथे १९९१ च्या हरीणविषयक कायद्याने मोठ्या जातीच्या हरणांसाठी नळीचा व्यास ०.२४ इंचांहून कमी नसावा आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा १७०० फूट-पौंडांहून, म्हणजे सुमारे २३०० ज्यूलहून, कमी नसावी असे ठरवून दिले आहे. २४३ विंचेस्टर या दोन्ही मर्यादा थोड्याच फरकाने ओलांडते, आणि हलक्या धक्क्याचे काडतूस म्हणून तिची तेथे जी चलती आहे तिचे एक मोठे कारण हेच दिसते.

काडतूस ठरल्यावर उरलेला धक्का रायफलीच्या घडणीने कमी करता येतो. संवेग तोच राहिला तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून डोंगर चढणाऱ्याला प्रिय असलेली हलकी रायफल खांद्याला मात्र महाग पडते. दस्त्याची लांबी हाताच्या मापाची असावी, कारण आखूड दस्ता दुर्बिणीची कड भुवईवर आणतो आणि लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो. दस्त्याच्या टोकाचा रबरी गादीचा तुकडा ऊर्जा नाहीशी करत नाही, पण तीच ऊर्जा अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरवतो. नळीच्या तोंडाशी छिद्रे पाडलेले ‘मझल ब्रेक’ नावाचे टोपण वायू बाजूला वळवून धक्का खरोखर कमी करते. परंतु आवाज इतका वाढवते की खांदा वाचवताना कान गमावण्याची वेळ येते, आणि दचकण्याच्या सवयीला आवाजही धक्क्याइतकाच जबाबदार असल्याने हा सौदा फायद्याचा म्हणता येत नाही.

याच प्रश्नाचे मोठे रूप नाशिकलगतच्या देवळालीत, लष्कराच्या तोफखाना प्रशालेत पाहावयास मिळते. १५५ मिलिमीटर तोफेचा चाळीस किलोंहून जड गोळा सुटतो तेव्हा नळी गाड्यावर मागे सरकते, तेल भरलेले नळकांडे तिचा वेग शोषते आणि दाबलेला वायू तिला पुन्हा जागेवर आणतो. रायफलीच्या बाबतीत ही सर्व कामे माणसाच्या खांद्याला आणि पाठीला करावी लागतात, आणि तोफेच्या नळकांड्याला पुढच्या धक्क्याची धास्ती नसते.

ही धास्ती नेमबाजीच्या मैदानावर सहज ओळखता येते. नवशिका चाप हळूहळू दाबत आणतो, शेवटच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे लोटतो आणि चाप खेचतो. गोळी खाली जाते आणि दोष रायफलीला दिला जातो. प्रशिक्षक अशा वेळी त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादे रिकामे मिसळतात. घोडा नुसता ‘टक्’ वाजतो, धक्का येत नाही, आणि तरीही नळीचे तोंड झटका खाऊन खाली जाते, तेव्हा दोष कोठे आहे हे नेमबाजाला स्वतःच दिसते. त्यावर उपाय म्हणजे कमी धक्क्याच्या हत्यारावर परत जाणे. दहा मीटर एअर रायफलीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि रायफल साडेपाच किलोंपर्यंत असल्याने तिचा धक्का जवळजवळ जाणवतच नाही, आणि श्वास, चाप व नजर यांचा मेळ तिच्यावरच घट्ट होतो. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले नाशिकचे क्रीडामानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी नेमबाजांच्या मनाच्या तयारीवर अनेक वर्षे काम केले. हत्याराइतकेच ते धरणाऱ्याचे चित्त घडवावे लागते, ही गोष्ट या शहरातील नेमबाजांना त्यामुळे नवी नाही.

नाशिकच्या परवानाधारकाला मात्र वर वर्णिलेली निवड फारशी उपलब्ध नाही. त्याला शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून परवाना मिळतो, परदेशी हत्यारे सामान्य नागरिकाला आयात करता येत नाहीत, आणि ३०३ सारखी लष्करी काडतुसे निषिद्ध बोरांत मोडतात. उरते ती प्रामुख्याने इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोरची रायफल, जिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, जड आणि तुलनेने संथ आहे. हिचा धक्का हलक्यांत जमा होत नाही. बारीक अंगाच्या माणसाने ती खांद्याला लावण्यापूर्वी निदान जाड रबरी गादी बसवून घ्यावी.

आणि ज्या हरणासाठी हा सारा विचार करावयाचा, ते जिल्ह्यात असले तरी त्यावर नेम धरता येत नाही. येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत आणि तेथे संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट दरवर्षी शिंगे गाळणाऱ्या खऱ्या हरणांत मोडत नाही, तो कुरंग आहे. पण शेतातील कोवळे पीक खाणारा तोच. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट अरुंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने बंद केली. महाराष्ट्र शासनाच्या २०१५ च्या निर्णयाने पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि रोही वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारता येतात, परंतु त्यात काळवीट नाही. तो पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून त्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद होऊ शकते. पिकात कळप शिरला तर येवल्याच्या शेतकऱ्याने वनविभागाकडे तातडीने अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. भरपाई त्यावरच मिळते.