छोट्या इंजिनाचे सिलिंडर

वाफेच्या इंजिनाची हातभर लांबीची प्रतिकृती टेबलावर चालताना पाहिली, म्हणजे ‘छान खेळणे आहे’ असे आपण सहज बोलून जातो. धातू थोडा, वजन थोडे, तेव्हा श्रमही थोडेच लागत असतील, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रतिकृती लहान होते. तिच्यातील चुका मात्र आपोआप लहान होत नाहीत. हे कसे, ते आपण पाहू.

१७६३-६४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेनच्या इंजिनाची प्रतिकृती जेम्स वॅटकडे दुरुस्तीला आली. तिचे सिलिंडर अवघे २ इंच व्यासाचे आणि दट्ट्याची धाव ६ इंच. दुरुस्त होऊनही ती थोड्याच फेऱ्यांत थांबे, कारण वाफ पुरत नसे. वॅटने कारण शोधले. प्रत्येक माप दहापट लहान केले, तर सिलिंडरचा आतील पृष्ठभाग शंभरपट घटतो, पण पोकळी हजारपट घटते. म्हणजे वाफेच्या मानाने भिंत दहापट वाढली! दर खेपेस थंड पाण्याने निवणारी ती भिंत पुन्हा तापवण्यातच पुष्कळशी वाफ खर्ची पडे. या विचारातूनच १७६५ साली वाफ निववण्यासाठी वेगळे पात्र ठेवण्याची कल्पना त्याला सुचली.

उष्णतेचा हा न्याय गळतीलाही लागू पडतो. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात दट्ट्याभोवती मिलिमीटरभर फट राहिली, तर इंजिन चालू शकते. तेवढीच फट एक इंचाच्या सिलिंडरात राहिली, तर दट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने गळतीची वाट पन्नासपट मोठी होते. तेच प्रमाण राखायचे, तर ही फट मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागावर आणली पाहिजे. डोक्याचा केसही त्याहून जाड असतो.

खुद्द वॅटचे मोठे इंजिनही सिलिंडरच्या वेडेवाकडेपणामुळे वर्षानुवर्षे अडून राहिले होते. ती अडचण जॉन विल्किन्सनने दूर केली. पूर्वी आतून कातणाऱ्या दांड्याला एकाच टोकाशी आधार असे. त्यामुळे ओतीव कामात वाकडेपणा असला, की हत्यारही तसेच वाकडे जाई. १७७५ च्या सुमारास विल्किन्सनने दांडा सिलिंडरातून आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. पुढच्याच वर्षी बोल्टनने कळविले, की ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक कोठे नाही.

आजचा हौशी कारागीर आपल्या लेथवर हेच तत्त्व वापरू शकतो. बिडाचे किंवा गनमेटलचे ओतीव सिलिंडर लेथच्या सरकत्या भागावर घट्ट बसवावे आणि दोन सेंटरांमध्ये धरलेला बोअरिंग बार त्यातून फिरवावा. शेवटचा काप अगदी पातळ घ्यावा आणि तो मध्येच थांबवू नये. थांबल्या जागी कडे उमटते. कातताना धातू तापून फुगतो, म्हणून माप निवल्यावरच घ्यावे. तेही दोन्ही टोकांना व मध्यभागी, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी.

वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या सरकत्या झडपेची बैठक तर काचेसारखी सपाट हवी. जाड काचेवर बारीक एमरी कागद पसरून तीवर ती हलक्या हाताने घासतात. मग निळ्या रंगाचा पातळ हात दिलेल्या सपाट पाट्यावर टेकवून पाहतात. जेथे रंग लागेल तो उंचवटा. तो खरवडून पुन्हा तपासायचे. काम संपल्यावर एमरीचा कण न् कण धुऊन काढला पाहिजे. नाहीतर तो मऊ धातूत रुतून जोडीदार भागाला झिजवीत राहतो.

येथे एक मोह आवरावा लागतो, तो म्हणजे चकाकीचा. झिलई देण्याच्या भरात वाफेच्या खाचांच्या कडा गोल झाल्या, तर वाफ ठरल्या क्षणी आत शिरत नाही की ठरल्या क्षणी थांबत नाही. अशी प्रतिकृती कपाटात शोभून दिसेल. चालताना मात्र अडखळेल. सफाई म्हणजे चकाकी नव्हे. सफाई म्हणजे मापाचा खरेपणा. जी तरुण मुले हौसेने अशी इंजिने करू पाहतात, त्यांच्या हाताला हा खरेपणा एकदा लागला, की पुढे कोणतेही काम ते अंदाजाने सोडणार नाहीत. आमच्या मते या खेळण्याची खरी किंमत हीच आहे.