पालटती वस्ती आणि छायाचित्रकार

शहरातील एखादी जुनी वस्ती पाडली जाण्याच्या सुमारास तिथे कॅमेरा घेतलेला माणूस हटकून येतो. हा निव्वळ योगायोग नव्हे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांतच युरोपातील मोठी शहरे स्वतःला पाडून नव्याने बांधू लागली. तेव्हापासून कुदळ आणि कॅमेरा यांची गाठ पडली आहे ती आजतागायत सुटलेली नाही. मुंबईच्या गिरणगावात गेली तीस-पस्तीस वर्षे हेच चालले आहे. अशी चित्रे सुंदर कशी काढावीत हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती खरी कशी ठरतात, याविषयी येथे थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम पॅरिसकडे वळू. तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत बॅरन ओसमान याने जुन्या पॅरिसमधून रुंद रस्ते काढले. जे बोळ नाहीसे होणार होते त्यांची चित्रे काढून ठेवण्याचे काम नगरपालिकेने चार्ल्स मार्विल या छायाचित्रकाराकडे सोपविले. त्याने जुन्या रस्त्यांची चारशेहून अधिक चित्रे घेतली. त्या काळी काचेवर ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन ते धुवावे लागे. काचेवर प्रकाश कित्येक सेकंद पडू द्यावा लागे, त्यामुळे चालता माणूस चित्रात उमटतच नसे. आज ती चित्रे पाहिली तर फरसबंदी ओलसर चमकते आहे, दुकानांच्या पाट्या वाचता येतात, आणि रस्ते मात्र ओसाड! पाहणाऱ्याला वाटते, येथे कोणी राहतच नव्हते. पाडले ते बरेच झाले. वास्तविक ते रस्ते माणसांनी गजबजलेले होते.

ग्लासगोतही तेच. तेथील दाट वस्ती पाडण्याचा कायदा १८६६ साली झाला, आणि ज्या मंडळाने ती पाडावयाची होती त्याच मंडळासाठी टॉमस अ‍ॅनन याने १८६८ ते १८७१ या काळात तेथील बोळांची चित्रे घेतली. बोळ इतके अरुंद की प्रकाश जेमतेम पोचे. त्यामुळे दारात उभी असलेली मुले पुसट, भुतासारखी उमटली आहेत. उलट लंडनमध्ये १८७५ साली ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ नावाची जुनी सराई पाडली जाणार असे कळताच काही नागरिकांनी एक मंडळ काढले आणि १८८६ पर्यंत जुन्या लंडनची १२० चित्रे प्रसिद्ध केली. ती न विटणाऱ्या कार्बन पद्धतीने छापली होती. पॅरिस आणि ग्लासगो येथे चित्रे काढवली ती पाडणाऱ्याने, लंडनमध्ये काढवली ती हळहळणाऱ्याने. परंतु दोघांचेही लक्ष भिंतींवर होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता एका शब्दाचा विचार करू. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनविषयी लिहिताना ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द योजला. कामकरी लोकांच्या वस्तीत सुखवस्तू लोक एकेक घर घेऊन राहावयास येतात, घरे डागडुजी होऊन झळकू लागतात, भाडी चढतात, आणि मूळचे लोक हळूहळू बाहेर पडतात, या क्रियेला त्यांनी दिलेले हे नाव. आपल्याकडे पंडित त्याला ‘अभिजनीकरण’ म्हणतात. गल्लीतला माणूस म्हणतो, “जागेला भाव आला.” आम्हाला हेच भाषांतर अधिक नेमके वाटते; कारण भाव जागेला येतो, तीत राहणाऱ्याला येत नाही, हे त्यात आपोआप सांगितले जाते.

लंडनच्या त्या गल्लीचे चित्र आधी घेतले आणि दहा वर्षांनी पुन्हा घेतले, तर दोन्हींत घर तेच दिसेल. फार तर दाराला नवा रंग दिसेल. माणसे मात्र सगळी बदललेली. कॅमेऱ्याला यातले काय कळले? काहीच नाही.

हीच गोष्ट गिरणगावात दुहेरी होऊन पाहावयास मिळते. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत गिरण्या आणि त्यांच्या भोवती चाळी अशी वस्ती उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. उरली ती जमीन, सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त जी जमीन आधीच मोकळी असेल तेवढीचीच करावयाची, असे ठरले आणि सार्वजनिक वाटा आकसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. नियमातल्या दोन-चार शब्दांनी जेवढी इमारत पाडली तेवढी कोणत्याही यंत्राने पाडली नसेल. आणि त्या शब्दांचे छायाचित्र निघत नाही.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठा बाजार आहे, आणि त्याच्या मधोमध गिरणीची चिमणी जतन केलेली आहे. छायाचित्रकारांची ती आवडती. जुने-नवे एका चौकटीत, संध्याकाळचा उजेड, वर काचेचा मनोरा! चित्र उत्तमच येते. परंतु चिमणी राहिली म्हणून गिरणी राहिली असे कोणी समजू नये. तिच्याखाली काम करणारा कामगार त्या चौकटीत कोठेच नाही. आणि अशी चित्रेच पुढे जागा विकण्याच्या जाहिरातीला उपयोगी पडतात, हे छायाचित्रकाराच्या गावीही नसते. लोअर परळ हे नाव कामगारी वाटते म्हणून दलालांनी त्याच भागाला ‘अप्पर वरळी’ म्हणावयास सुरुवात केली. ज्यांनी लोअरचे अप्पर केले त्यांना चिमणीची शोभा का नको असेल?

याच्या उलट बी.डी.डी. चाळींचे. या चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, ना. म. जोशी मार्ग, नायगाव आणि शिवडी मिळून त्यांची संख्या २०७. खोली १६० चौरस फुटांची. त्या पाडून त्याच जागी रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे, आणि वरळीत पहिल्या ५५६ घरांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. येथे कॅमेऱ्याला दिसतो तो सर्वनाश : भिंत नाही, जिना नाही, सामाईक गच्ची नाही. आणि माणसे मात्र तीच, निदान आज तरी. फिनिक्समध्ये खूण राहिली आणि माणसे गेली, वरळीत खूण गेली आणि माणसे राहिली. नुसती चित्रे शेजारी ठेवून पाहणारा नेमका उलटा निष्कर्ष काढील. वरळीची माणसेही वाढता खर्च सोसून किती वर्षे राहतात, हे पुढे पुन्हा जाऊनच पाहावे लागेल.

पुन्हा जाणे हाच या विद्येचा गाभा आहे. बेरेनिस अ‍ॅबट या बाईंनी १९३५ नंतर न्यूयॉर्कची जी चित्रे घेतली, त्याच जागांवर साठ वर्षांनी दुसरा छायाचित्रकार त्याच प्रकारचा कॅमेरा घेऊन उभा राहिला. कामिलो व्हर्गारा यांनी तर हार्लेममधील एकाच दुकानाच्या दर्शनी भागाची चित्रे १९७७ पासून वर्षानुवर्षे घेतली. एकच दार, पाटी मात्र दर खेपेस निराळी. असे चित्र एकटे असले तर सामान्य, ओळीने लावले की बोलू लागते.

त्याच जागी उभे राहणे ऐकावयास सोपे, करावयास चिकाटीचे. युक्ती अशी. जुन्या चित्रात एक जवळची आणि एक दूरची वस्तू शोधावी. समजा, दिव्याचा खांब आणि मागची चिमणी. खांबाची कड चिमणीच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि दोन्ही तशाच जुळेपर्यंत सरकत राहावे. जागा चुकली तर कोणतेही भिंग ती चूक भरून काढीत नाही. भिंगाने चौकट लहानमोठी होते एवढेच. ऋतूही तोच हवा. मुंबईत उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर डिसेंबरात ऊन पडतच नाही. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ ते तिरपे पडते. निराळ्या ऋतूंतली दोन चित्रे शेजारी ठेवली तर उन्हाचाच फरक वस्तीचा फरक म्हणून खपून जातो.

कधी उभे राहावयाची जागाच नाहीशी होते. लोअर परळचा डिलाइल पूल २०१८ साली धोक्याचा ठरून बंद झाला आणि नवा पूल २०२३ च्या अखेरीस पूर्ण खुला झाला. जुन्या कठड्यावरून घेतलेले चित्र नव्या कठड्यावरून तंतोतंत मिळणार नाही. अशा वेळी जवळात जवळची जागा घ्यावी आणि तसे लिहून ठेवावे.

आणखी एक मोह टाळावयास हवा. तीन मजली चाळीच्या मागे मनोरा उभा राहिला की हात आपोआप कॅमेरा वर उचलतो. मनोरा येतो, पण खालचे वाण्याचे दुकान चौकटीबाहेर जाते. आम्ही म्हणतो, चौकट हलवू नये. मनोऱ्याचा नुसता पाया दिसला तरी चालेल. पूर्वी जेथे आभाळ होते तेथे आता काच आहे, हे त्यातच दिसते.

सर्वांत अवघड ते रस्त्यावरून न दिसणारे. गिरणगावातल्या बायका घरच्या चुलीवर कामगारांसाठी खानावळी चालवीत. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. घरच्या चुलीवरच्या खानावळीला रस्त्यावर पाटी कोठून असणार? एकेका खोलीत कामगार पाळीपाळीने झोपत. दिवसा काढलेल्या चित्रात वळकट्या दिसतील, माणसे नाहीत. यासाठी आत जावे लागते, आणि आत जावयाचे तर विचारून, बसून, चहा घेऊन. १६० चौरस फुटांत दाराशी उभे राहून चित्र घेणे म्हणजे एखाद्याच्या अंथरुणात डोकावणेच होय. ज्याला नाही म्हणावयाचे असेल त्याला नाही म्हणू द्यावे.

म्हणून प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने तारीख, जागा, तोंड कोणत्या दिशेला, आणि त्या दारामागे कोण राहते, कोण होते, केव्हा व कोठे गेले, हे लिहावे. पत्र्याचे कुंपण उभे राहण्यापूर्वीच हे व्हावयास हवे. पत्रे लागले की माणसे संक्रमण शिबिरात पांगलेली असतात आणि पुढची कित्येक वर्षे पत्र्याखेरीज काही दिसत नाही. चित्रे नुसती यंत्रात साठवू नयेत. कागदावर छापून एक प्रत ज्याची त्याला द्यावी, एक जवळच्या वाचनालयात ठेवावी आणि एक चाळीच्या कार्यालयात टांगावी. येणारे-जाणारे तिच्यापुढे थांबतात आणि बोट ठेवून आपण होऊन नावे सांगतात. ती त्याच दिवशी लिहून घ्यावीत.