हळदीकुंकू फुलपाखराची ओळख

आंब्याचा मोहोर ओसरून कैऱ्या धरू लागल्या की गोव्यातील बागांत झाडांच्या शेंड्यांजवळ संथपणे तरंगणारे एक मोठे फुलपाखरू दृष्टीस पडते. उडताना ते काळ्या शिरांचे साधे पांढरे पाखरू भासते. मात्र फुलावर पंख मिटून बसले की मागील पंखाची खालची बाजू उघड होते: गर्द पिवळा रंग, ठळक काळ्या शिरा आणि कडेने शेंदरी ठिपक्यांची ओळ. हेच ‘हळदीकुंकू’ होय. चैत्रात घरोघरी हळदीकुंकू चालू असता बागेत त्याची भेट व्हावी, हा योग मोठा गमतीचा.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात याच रंगांचे सोंग घेणारी दुसरी एक जात आढळते. तिचे ठिपके चौकोनी, तर हळदीकुंकवाचे बाणाच्या टोकासारखे निमुळते असतात. शिवाय ती जात वेगाने उडते. हळदीकुंकू पक्ष्यांना बेचव लागत असल्याने त्यास घाई नसते.

मादी बांडगुळाच्या पानांवर पुंजक्याने अंडी घालते. आंब्यावर केसाळ, पिवळसर तपकिरी सुरवंटांचा घोळका दिसताच फवारणीचा पंप काढण्याचा मोह होतो. तत्पूर्वी बागायतदारांनी सुरवंट कोणते पान खात आहेत ते नीट पाहावे. ते आंब्याच्या फांदीतून पाणी व क्षार शोषणाऱ्या बांडगुळाचे असल्यास फवारणी अनाठायी ठरते. अर्थात सुरवंटांमुळे बांडगूळ समूळ नष्ट होत नाही. ते फांदीसह छाटावेच लागते.