तीन प्रती की पॅरिटी? मोठ्या डिजिटल संग्रहांची साठवण

समजा, एका ग्रंथालयाने हस्तलिखितांची 1 कोटी पाने स्कॅन केली आणि प्रत्येक पान 2 एमबीचे झाले. एकूण 20 टीबी. एवढे आज एका मोठ्या डिस्कवरही मावते. प्रश्न जागेचा नाही. ती डिस्क बंद पडल्यावर काय, हा आहे. म्हणून माहिती अनेक सर्व्हरच्या क्लस्टरवर पसरवतात.

हडूपच्या एचडीएफएस प्रणालीत फाइलचे 128 एमबीपर्यंतचे ब्लॉक पाडतात आणि प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवतात (दोन्ही आकडे बदलता येतात). तिन्ही प्रती एकाच रॅकमध्ये ठेवत नाहीत. त्यामुळे स्विच बिघडून अख्खा रॅक गेला तरी निदान एक प्रत उरते. प्रत्येक डेटानोड दर 3 सेकंदांनी नेमनोडला हार्टबीट पाठवतो. सुमारे साडेदहा मिनिटे तो आला नाही, तर नोड मृत धरून त्याच्यावरील ब्लॉकच्या नव्या प्रती इतरत्र करतात.

यासाठी 20 टीबीला 60 टीबी जागा लागते. हडूप 3 मध्ये (2017) इरेजर कोडिंग आले. यात माहितीच्या 6 तुकड्यांमागे पॅरिटीचे 3 तुकडे असतात. नवांपैकी कोणतेही तीन गेले तरी माहिती परत मिळते, आणि जागा दीडपट, म्हणजे 30 टीबी. मात्र हरवलेला एक तुकडा पुन्हा काढण्यासाठी नेटवर्कवरून सहा तुकडे वाचावे लागतात. म्हणून ही पद्धत क्वचित वाचल्या जाणाऱ्या माहितीला शोभते.

पण आपल्या पानांना हा दीडपटीचा हिशेब लागू होत नाही! तुकडा 1 एमबीचा असेल, तर 2 एमबीच्या पानाचे दोनच तुकडे पडतात. पॅरिटीचे तीन मात्र पूर्ण लागतात. 2 एमबीसाठी 5 एमबी, म्हणजे अडीचपट. शिवाय नेमनोड प्रत्येक फाइल व ब्लॉकची नोंद मेमरीत ठेवतो, साधारण 150 बाइट प्रत्येकी. तीन प्रतींच्या पद्धतीतही 1 कोटी फाइलींना सुमारे 3 जीबी मेमरी जाते. उपाय सोपा आहे: एका हस्तलिखिताची सर्व पाने एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधायची आणि कोणते पान कुठे सुरू होते याची सूची ठेवायची. फेसबुकने छायाचित्रांसाठी केलेली हेस्टॅक प्रणाली (2010) याच विचारावर उभी आहे.

‘तीन प्रती आहेत, म्हणजे बॅकअप आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटते. ते चूक आहे. डिलीटची आज्ञा दिली की तिन्ही प्रती जातात. बॅकअप वेगळ्या यंत्रणेवर, शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावा लागतो.